थेंब की वर्तुळ? : स्तनवर्धनातील आकाराच्या प्रश्नाचा इतिहास

स्तनवर्धनाच्या शस्त्रक्रियेत शरीरात बसवावयाची सिलिकोनची पिशवी, म्हणजे इम्प्लांट, गोल असावी की वर निमुळती व खाली भरीव अशी थेंबाकार असावी, हा प्रश्न वरवर पाहता केवळ सौंदर्याभिरुचीचा वाटतो. परंतु त्याचा इतिहास तपासला असता असे आढळून येते की, आकाराच्या प्रश्नामागे पिशवीच्या पृष्ठभागाचा प्रश्न सतत उभा आहे. गोल पिशवी शरीरात जागच्या जागी फिरली तरी तिचे रूप पालटत नाही. थेंबाकार पिशवी फिरली की स्तन बेढब दिसू लागतो. म्हणून जो थेंबाचा आकार निवडतो, त्यास ती पिशवी जागी खिळवून ठेवण्याचा उपायही निवडावा लागतो. त्या उपायाचे मोल कोणी व कसे चुकविले, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या शस्त्रक्रियेच्या आरंभकाळी आकार निवडण्याची सोयच नव्हती. हायडेलबर्ग येथील शल्यविशारद व्हिन्सेन्झ चेर्नी यांनी १८९५ मध्ये, गाठ काढल्यामुळे रिकाम्या झालेल्या स्तनात त्याच स्त्रीच्या शरीरावरील चरबीची गाठ बसविली. पुढे पॅराफिन टोचण्याचे प्रयोग झाले व ते घातक ठरले. टोचलेल्या द्रव्यास स्वतःचा असा आकार नसतो. तो देण्याचे सामर्थ्य पिशवीच्या कल्पनेबरोबर आले.

अमेरिकेतील ह्यूस्टन येथे टॉमस क्रोनिन व फ्रँक गेरो यांनी १९६२ मध्ये सिलिकोन जेलने भरलेली पिशवी प्रथम एका स्त्रीच्या शरीरात बसविली. ती पिशवी गोल नव्हती, थेंबाकार होती, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. तिच्या पाठीवर डेक्रॉन कापडाचे तुकडे चिकटविलेले होते. त्यांत शरीराची ऊती शिरून पिशवी छातीस धरून राहावी, ही योजना होती. म्हणजे आकार व चिकटण याची सांगड पहिल्याच पिशवीत घातली गेली.

सुमारे दहा वर्षांत ही सांगड सुटली. पिशवीभोवतीची ऊती आकसून स्तन कठीण होण्याची तक्रार वाढली व तिचा दोष काही अंशी या कापडाकडे गेला. १९७० नंतरच्या पिशव्या कापडाविना, पातळ कवचाच्या, मऊ जेलच्या आणि बहुधा गोल होत्या. त्यांचा स्पर्श अधिक नैसर्गिक वाटे. मात्र पातळ कवच फुटण्याचे व जेल झिरपण्याचे प्रमाणही वाढले.

१९८० नंतरच्या दशकात सिलिकोनचे कवचच खडबडीत करण्याची पद्धत निघाली. तिचा मूळ हेतू ऊतीचे आकसणे कमी करणे हा होता. परंतु खडबडीत पृष्ठभाग ऊतीस धरून राहतो, हे ध्यानी येताच थेंबाचा आकार पुन्हा शक्य झाला. घट्ट, आकार न सोडणाऱ्या जेलची थेंबाकार पिशवी १९९३ पासून वापरात आली. अमेरिकेत अशा पिशवीस सार्वत्रिक मान्यता मिळण्यास २०१२ साल उजाडावे लागले.

तोवर दुसरे एक वृत्त पुढे आले होते. पिशवीभोवती उद्भवणाऱ्या, प्रतिकारपेशींच्या एका विरळ लिंफोमाचा पहिला रुग्ण १९९७ मध्ये नोंदविला गेला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये या संभाव्य संबंधाची जाहीर सूचना दिली. पृष्ठभागाची माहिती उपलब्ध असलेल्या रुग्णांत खडबडीत पिशव्यांचेच प्रमाण प्रचंड होते. जुलै २०१९ मध्ये त्या प्रशासनाने जगभरातील ५७३ रुग्ण व ३३ मृत्यू यांची नोंद जाहीर केली. त्यांपैकी ४८१ रुग्णांच्या पिशव्या अ‍ॅलर्गन कंपनीच्या असल्याचे नमूद होते, व त्या कंपनीने आपल्या विशिष्ट खडबडीत पिशव्या जगभरातून परत घेतल्या. हा रोग वेळीच ओळखून पिशवी व तिच्याभोवतीचे आवरण काढल्यास बहुतेक रुग्ण बरे होतात, हे खरे. तथापि ज्या स्त्रियांनी केवळ आकार निवडला होता, त्यांना आपण पृष्ठभागही निवडीत आहोत याची कल्पना कितपत होती, हा प्रश्न उरतोच.

या निवडीने दृश्य लाभ तरी किती होता? न्यूयॉर्कचे डेव्हिड हिडाल्गो व अँड्र्यू वाइनस्टाइन यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, शस्त्रक्रियेच्या वेळी एका बाजूस गोल व दुसऱ्या बाजूस थेंबाकार पिशवी बसवून छायाचित्रे घेतली. ती पाहणाऱ्यांस थेंबाकाराचे श्रेष्ठत्व आढळले नाही. याचे कारण उघड आहे. स्त्री उभी राहिली की गोल पिशवीतील मऊ जेलही भाराने खाली उतरते, व वर्तुळाचा काही अंशी थेंब होतो. कर्करोगानंतरच्या स्तनरचनेत, जेथे वरून झाकावयास ऊती थोडी असते, तेथे थेंबाकाराचा उपयोग अनेक शल्यविशारद मानतात. परंतु तो वेगळा प्रसंग होय.

सारांश, आकार डोळ्यांस दिसतो व पृष्ठभाग दिसत नाही. म्हणून निवडीची चर्चा आकाराभोवती फिरत राहिली. या इतिहासाचा बोध इतकाच की, पिशवीचा आकार विचारणाऱ्या स्त्रीस, तो आकार कशाच्या आधाराने जागी राहणार आहे, हेही त्याच वेळी सांगितले गेले पाहिजे.