घटका भरते कशी?

उज्जैनच्या वेधशाळेत सम्राटयंत्राच्या पायऱ्यांपाशी आम्ही उभे होतो तो आषाढातला दिवस होता. सवाई जयसिंगाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात क्षिप्रेजवळ उभारलेले आणि १९२३ साली माधवराव शिंद्यांच्या कारकिर्दीत दुरुस्त झालेले हे दगडी घड्याळ सावलीवर चालते. त्या दिवशी सावलीच नव्हती. बरोबरच्या नववीतल्या मुलाने विचारले, "सर, मग पावसाळ्यात यांना वेळ कशी कळायची?"

ज्या नगरीवरून आपल्या ज्योतिष्यांची मध्यरेषा जाते, जिथे सहाव्या शतकात वराहमिहिर होऊन गेला, तिथे हा प्रश्न सुचावा हे योग्यच. उत्तर सूर्यसिद्धांतात आहे. तळाला छिद्र असलेले तांब्याचे पात्र स्वच्छ पाण्याच्या कुंडात सोडावे. ते अहोरात्रात साठ वेळा बुडते. एक बुडी म्हणजे एक घटका, चोवीस मिनिटे. आपण 'घटका भरली' म्हणतो ती ही. आमच्याकडचे कन्नड शेजारी तिलाच 'गळिगे' म्हणतात.

पाणी आत का शिरते? द्रवाचा दाब खोलीबरोबर वाढतो. एक सेंटिमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ दर चौरस सेंटिमीटरवर एक ग्रॅम भार टाकतो. समजा, उभ्या भिंतींचे पात्र ५०० ग्रॅमचे आहे आणि तळ २०० चौरस सेंटिमीटरचा. तरंगताना बाहेरची पातळी आतल्यापेक्षा सुमारे अडीच सेंटिमीटर वर राहणार. आत पाणी येईल तसे पात्र खाली जाते, पण फरक जवळजवळ तोच राहतो. म्हणून धारही सारखीच. उलट, छिद्रातून गळणाऱ्या मडक्यात पातळी उतरते, दाब घटतो आणि धार मंदावते. हवेचा दाब आतबाहेर सारखाच, तो या हिशेबात येत नाही. मात्र पात्राचे तोंड घट्ट झाका, आतली हवा कोंडली जाईल आणि घटका भरायचीच नाही. हवेच्या या दाबाचे मोजमाप टॉरिसेलीने १६४३ मध्ये पाऱ्यावर केले. आपल्या लोकांनी ते केल्याचा दावा मी करणार नाही.

पण एक श्रेय द्यायलाच हवे. काही जुन्या ग्रंथांत पात्राचे वजन दहा पळे, छिद्र अमुक लांबीच्या सोन्याच्या सुईएवढे, असा नियम आढळतो. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी सिद्धांतशिरोमणीत तो युक्तिशून्य ठरवला. त्यांची रीत साधी: पात्र कसेही घडवा, ते दिवसरात्रीत किती वेळा बुडते ते मोजा आणि साठ घटकांना त्या संख्येने भागा. नियमापेक्षा मोजणी थोर! (भास्कराचार्य 'उज्जैनच्या वेधशाळेचे प्रमुख' होते असे सर्रास छापले जाते. आजची वेधशाळा त्यांच्यानंतर सुमारे सहाशे वर्षांनी झाली, आणि त्यांच्या घराण्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे.)

लीलावतीच्या घटिकापात्रात मोती अडकून मुहूर्त टळल्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. ती भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही; फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरात येते. तरी मला ती खोटी वाटत नाही, कारण आमच्या आत्याच्या लग्नात मी तिची आवृत्ती पाहिली आहे. १९७८ साल, मी आठ वर्षांचा. आजोबांनी घंगाळात पात्र सोडले आणि ते भरेचना. मांडवात कुजबुज, वडील मनगटावरचे घड्याळ दाखवताहेत, आजोबा तिकडे बघायलाही तयार नाहीत. शेवटी पात्र उचलले तर छिद्रात भाताचे तूस! मंगलाष्टके वडिलांच्या घड्याळावर झाली. आजोबा त्या दिवशी जेवले नाहीत.

उज्जैनहून परतल्यावर ते पात्र माळ्यावरून काढून मी शाळेच्या प्रयोगशाळेत नेले. वर्षानुवर्षे चिंचेने घासून छिद्र रुंदावले असावे. आता ते बावीस मिनिटांतच बुडते. त्या प्रश्नकर्त्या मुलानेच फळ्यावर भागाकार मांडला: अहोरात्रात पासष्ट बुड्या, वर थोडे. आजोबांच्या नियमाने पात्र बाद; भास्कराचार्यांच्या रीतीने चालू.