नटाचे बिऱ्हाड आणि शेवटची लोकल

मराठी नाट्यसमीक्षेने नटाच्या आवाजाची, मुद्राभिनयाची आणि गुरुपरंपरेची चर्चा विपुल केली आहे. हा नट राहत कोठे होता, तालमीला कसा येई आणि प्रयोग संपल्यावर घर कसे गाठी, हे प्रश्न मात्र तिने आत्मचरित्रांतील गमतीजमतींच्या प्रकरणांवर सोपविले. वास्तविक मुंबईत नट होऊ पाहणाऱ्याने खोली कोणत्या वस्तीत घ्यावयाची, हा निर्णय केवळ त्याच्या प्रपंचापुरता नसतो. नाटकाची लांबी, पात्रसंख्या, नेपथ्य, इतकेच नव्हे तर नट कोणत्या वर्गातून यावयाचा, हेही काही अंशी त्यातून ठरत आले आहे. प्रस्तुत लेखात हा धागा गिरगावापासून घोडबंदरापर्यंत तपासून पाहावयाचा आहे.

कंपनीच्या काळात हा प्रश्नच नव्हता. किर्लोस्कर नाटक मंडळी (१८८०) किंवा गंधर्व नाटक मंडळी (१९१३) यांच्या संदर्भात ‘बिऱ्हाड’ म्हणजे कंपनीचे बिऱ्हाड. नट कंपनीत ‘राही’. पंगत, तालीम आणि अंथरूण एकाच छपराखाली असे. रात्र उलटेपर्यंत चालणाऱ्या संगीत नाटकाचे श्रेय आपण पदांना आणि ‘वन्समोअर’ला देतो. पण प्रयोगानंतर नटाला कोठेही जावयाचे नव्हते, हीदेखील त्या विस्ताराची एक अट होती. १९३२ मध्ये मराठी बोलपट आला, कंपन्या एकामागून एक मोडल्या आणि नटाला आयुष्यात प्रथमच भाड्याची खोली शोधावी लागली. १९३३ मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणले, तेव्हापासूनच्या आटोपशीर नाटकाचे मूळ आपण इब्सेनमध्ये शोधतो. ते चूक नाही. मात्र तीन अंकांचे आणि पुढे दोन अंकांचे नाटक रुजले, ते सकाळी कचेरी गाठणाऱ्या नटांच्या आणि प्रेक्षकांच्या शहरात, हेही ध्यानात घ्यावयास हवे.

या शहरातला पहिला मराठी नाट्यपरिसर गिरगावचा. चाळ, कचेरी, मुंबई मराठी साहित्य संघ (१९३५) हे सारे पायी गाठण्याजोगे होते. लक्ष्मीकांत बेर्डे यांची कारकीर्द या भूगोलाचे जवळजवळ अखेरचे उदाहरण म्हणता येईल: वाढले गिरगावात, नोकरी साहित्य संघात आणि रंगमंच त्याच वास्तूत. परंतु गिरगावात राहणे ही निवड नव्हती, तो वारसा होता. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुनी भाडी गोठली आणि नव्या भाडेकरूसाठी पागडी हा अलिखित नियम झाला. ज्याच्या आजोबांच्या नावावर दहा बाय बाराची खोली होती, त्याला बिनपैशाची प्रायोगिक नाटके करणे परवडू शके. बाहेरगावाहून येणाऱ्याला पागडी कोठली परवडणार? तो प्रथम एखाद्या नातलगाच्या व्हरांड्यात पथारी टाकी आणि मग पार्ल्याला, डोंबिवलीला सरके. आपली प्रायोगिक रंगभूमी सुशिक्षित पांढरपेशांची का राहिली, याची वैचारिक कारणे बरीच दिली गेली आहेत. त्यांत या गोठलेल्या भाड्याचीही भर घालावी असे मला वाटते. गिरणगावात कोकणातल्या चाकरमान्यांच्या गावकीच्या खोल्या होत्या, परळला दामोदर नाट्यगृह (१९२२) होते आणि कामगार रंगभूमीही जोमाची होती. पण तेथला नट पाळीला बांधलेला. त्याच्या तालमी भोंग्याच्या हिशेबाने चालत. १९८२ च्या संपानंतर तो भोंगाच थंडावला.

दादरचे महत्त्व येथे कळते. प्लेगच्या धास्तीतून शहर उपनगरांकडे पसरविण्याची जी योजना सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने (१८९८) हाती घेतली, तिच्यातून दादर-माटुंग्याच्या वसाहती उभ्या राहिल्या. १९२५ मध्ये हार्बर मार्गावर आणि १९२८ मध्ये पश्चिमेकडे बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या धावू लागल्या. दादर हे पश्चिम आणि मध्य या दोन्ही मार्गांच्या भेटीचे ठाणे. बोरिवलीचा नट आणि ठाण्याची नटी कचेरी सुटल्यावर जेथे गाडी न बदलता पोहोचू शकतात, अशी जागा हीच. १९६५ मध्ये शिवाजी मंदिर येथे उभे राहिले आणि १९७४ पासून ‘आविष्कार’चे प्रयोग छबिलदास शाळेच्या सभागृहात होऊ लागले, यामागे त्या त्या संस्थांच्या अडचणी आणि योगायोग होतेच, सुलभा देशपांडे त्या शाळेत शिक्षिका होत्या. तरीही हेच सभागृह कुलाब्याला किंवा मुलुंडला असते, तर छबिलदास ही चळवळ झाली असती काय?

रंगरूपाकडे वळू. छबिलदासचा मोकळा रंगमंच, हलके नेपथ्य, प्रेक्षकाच्या अगदी समोर उभा राहणारा नट यांमागे ग्रोटोव्स्की होता, तसाच दुसऱ्या सकाळी भरणारा शाळेचा वर्गही होता. तालीम सात-साडेसातला सुरू व्हायची आणि शेवटच्या लोकलच्या आत आवरायची. शिवाय स्त्री-नटाच्या बाबतीत तिला घरी कोण सोडणार, हा प्रश्न पात्रयोजनेइतकाच गंभीर असे. पुण्याशी तुलना उद्बोधक ठरेल. प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशनने १९७२ मध्ये ‘घाशीराम कोतवाल’ केले, त्यातील ब्राह्मणांची मानवी भिंत हा मोठ्या समूहाच्या दीर्घ सहवासाचा आविष्कार होता. सायकलवर घरी जाणाऱ्यांच्या शहराला असा सहवास तुलनेने स्वस्तात मिळतो. या विधानाला नियम मानण्याची माझी तयारी नाही, मुंबईतही मोठे संच झाले. पण दोन शहरांच्या नाट्यशैलींतील फरक दिग्दर्शकांच्या स्वभावावर ढकलून मोकळे होणे मला पुरेसे वाटत नाही.

हा भूगोल संहितेतही उतरला आहे. पार्ल्याला अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करावयास निघालेल्या एका हौशी मंडळींच्या बोलण्यातून तेंडुलकरांना ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) सुचले, हे प्रसिद्धच आहे. नाटकातील मंडळाचे नाव ‘सोनार मोती टेनेमेंट’ या भाडेकरूंच्या इमारतीवरून आलेले. जो तो दिवसा काहीतरी वेगळेच आहे किंवा होऊ न शकलेला आहे, आणि प्रयोगाच्या निमित्ताने मुंबईबाहेरच्या एका गावात थोडा वेळ एकत्र अडकलेला आहे. बेणारेविरुद्धचा पुरावा कशाचा बनतो, तर संध्याकाळी ती कोणाच्या खोलीत दिसली याचा. जेथे खोली ही दुर्मिळ आणि सामायिक वस्तू आहे, तेथेच असा पुरावा इतक्या सहज हाताशी येतो. या नाटकाच्या स्त्रीवादी वाचनांत खोलीचा हा प्रश्न फारसा आलेला नाही.

पूर्णवेळ नट होण्याचा निर्णय हाही पत्ता बदलण्याचा निर्णय असे. डॉ. श्रीराम लागू १९६९ मध्ये वैद्यकी सोडून व्यावसायिक रंगभूमीवर उतरले, ते मुंबईत येऊन. उलट अमोल पालेकर बँक ऑफ इंडियाच्या नोकरीत राहून नाटक करीत होते. नोकरी आणि तालीम एकाच शहरात, एकाच संध्याकाळच्या अंतरावर असल्याने हे शक्य झाले.

आता हे अंतर मोडले आहे. गोरेगावची चित्रनगरी १९७७ ची. पण मराठी मालिकांच्या वाहिन्या १९९९ नंतर स्थिरावल्या आणि चित्रीकरण मढ, मीरा रोड, घोडबंदर रस्ता असे पांगले. ते सहसा रेल्वेच्या ठाण्यापासून लांब असते आणि पाळी बारा-बारा तासांची. लातूरहून किंवा सावंतवाडीहून आलेला आजचा तरुण तिघाचौघांत मिळून घर घेतो, ते दादरपासून नव्हे, सेटपासून किती लांब आहे हे पाहून. अनामत रक्कम आणि अकरा महिन्यांचा करार यांनी पागडीची जागा घेतली आहे; एकट्या अभिनेत्रीला घर नाकारण्याची पद्धत मात्र जुनीच आहे. ‘आविष्कार’नेही १९९० च्या दशकाच्या प्रारंभी छबिलदास सोडून माहीमची महापालिका शाळा गाठली. शनिवार-रविवारचे व्यावसायिक प्रयोग या वेळापत्रकात कसेबसे बसतात. तीन महिन्यांची, रोज संध्याकाळची तालीम बसत नाही. दोन पात्रांची नाटके, एकपात्री प्रयोग आणि अभिवाचने यांची अलीकडची वाढ ज्यांना केवळ आर्थिक मंदीची किंवा प्रतिभेच्या ओहोटीची खूण वाटते, त्यांनी या नटांचे पत्ते नकाशावर एकदा मांडून पाहावेत आणि त्यांतून संध्याकाळी सातला दादरला किती जण पोहोचू शकतात ते मोजावे.