ढलप्यांचा हक्क

सुतार लाकूड तासतो, तेव्हां खालीं पडणारी ढलपी कोणाची? लाकूड ज्याचें त्या धन्याची, कीं वाकस चालविणाऱ्या सुताराची? प्रश्न ऐकावयास क्षुल्लक वाटेल. पण अठराव्या शतकांत इंग्लंडच्या सरकारी गोद्यांत याच प्रश्नावरून अधिकारी व कारागीर वर्षानुवर्षें भांडले.

डेटफर्ड, वुलिच, चॅटम, पोर्ट्समथ या गोद्यांत आरमाराचीं जहाजें बांधलीं जात. चौऱ्याहत्तर तोफांच्या एका जहाजास सुमारें 2000 ओक वृक्ष लागत. जहाज बांधणाऱ्या सुताराचा रोज मात्र 2 शिलिंग 1 पेनी. शतकाच्या बहुतेक काळांत तो वाढला नाहीं, आणि हातीं पडावयास पुष्कळदां कित्येक महिने लागत. अशा स्थितींत संध्याकाळीं घरीं न्यावयाच्या ढलप्या म्हणजे चुलीचें सरपण आणि विकल्यास रोख पैसा. आपल्या गांवगाड्यांतील सुतार बलुतें मागतांना जसा भीक मागत नसे, तसा हा इंग्रज सुतारहि ढलपी उचलतांना चोरी करीत नसे. निदान त्याची समजूत तशी होती.

अधिकाऱ्यांची तक्रार निराळी होती, आणि ती अगदींच खोटी नव्हती. तीन फुटांहून आंखूड तुकडा तो ढलपी, असा संकेत पडला होता. मग चांगल्या ओंडक्याचे तीन फुटांच्या आंत बसणारे तुकडे पाडण्यास कितीसा वेळ लागतो? काम संपण्याच्या सुमारास करवती विशेष उत्साहानें चालत. गोद्यांजवळच्या जुन्या घरांतील जिने तीन फुटांहून अरुंद असत, याचें कारणहि हेंच, असें सांगतात. दुपारचें जेवण घेऊन आलेल्या बायका परततांना मोकळ्या हातांनीं जात नसत. सरकारी कोठारांतील लाकूड असें नित्य नाहींसें होई. पण त्यांतलें चोरीचें किती व हक्काचें किती, हें कोणी ठरवावें?

आरमाराच्या मंडळानें 1753 सालीं यावर तोड काढली: ढलप्या खांद्यावरून न नेतां काखेंत मावतील तेवढ्याच न्याव्या. खांद्यावर मोळी राहते, काखेंत जेमतेम जुडी. फरक शरीराच्या वीतभर अंतराचा, पण घरच्या मिळकतीचा मोठा. 1756 सालीं चॅटमच्या दरवाजावर हा हुकूम अंमलांत आणूं गेले, तेव्हां पुढच्या सुतारानें मोळी खालीं उतरविण्यास साफ नकार दिला. ढलप्या माझ्या आहेत, असें त्याचें म्हणणें. पाठीमागून मंडळी रेटा देत होती. दरवाजावरच्या सैनिकांना न जुमानतां सारे खांद्यावरच्या मोळ्यांसह बाहेर पडले. माझ्या मतें हुकमाची खरी चूक येथें होती. वहिवाट मान्य ठेवावयाची, पण ती अर्धी कापावयाची, आणि त्याबद्दल पैही द्यावयाची नाहीं, हा व्यवहार कोणता कारागीर मुकाट्यानें सोशील?

पुढें 1796 सालीं तत्त्वज्ञ जेरेमी बेंथॅम यांचे बंधु सॅम्युअल यांची आरमारी कामांचे महानिरीक्षक म्हणून नेमणूक झाली. जुन्या वहिवाटी त्यांच्या हिशेबी डोळ्यांना खुपत. अखेर 1801 सालीं ढलप्या नेणें बंद झालें, आणि त्यांच्याऐवजीं सुतारास रोजी 6 पेन्स मिळूं लागले. मूळ रोजाचा जवळजवळ चौथा हिस्सा! ज्याला इतकीं वर्षें चोरी म्हटलें होतें, त्याची किंमत सरकारनेंच अशी ठरवून दिली. त्या दिवसापासून मात्र काखेंतली जुडीहि गुन्ह्यांत मोडूं लागली.