चित्रातील व्यक्ती कोण?

इतिहासाची साधने म्हटली म्हणजे बखरी, सनदा, ताम्रपट आणि दप्तरे आपल्या डोळ्यांसमोर येतात. जुने व्यक्तिचित्र हेही तसेच एक साधन होय, याकडे मात्र आपले दुर्लक्ष होते. कागद वाचता येतो. चित्र मुके असते. त्यावर नाव नसेल, तर चित्रकार कोण आणि चित्रातील व्यक्ती कोण, हे सांगणारे दोनतीन पिढ्यांत उरत नाहीत. मग पाहणारा आपल्या समजुतीप्रमाणे त्या चेहऱ्यांना नाव देतो. असे नाव चुकले म्हणजे काय हरवते, हे म्हैसूरच्या एका चित्रावरून वाचकांच्या ध्यानी येईल.

इ. स. १८०५ च्या सुमाराचे हे तैलचित्र थॉमस हिकी या आयरिश चित्रकाराच्या हातचे मानले जाते. हिकी डब्लिनचा. मॅकार्टनीच्या वकिलातीबरोबर तो चीनला जाऊन आला होता. टिपू सुलतानाच्या पाडावानंतर दक्षिणेत त्याने अनेक व्यक्तिचित्रे काढली व इ. स. १८२४ मध्ये मद्रास येथे तो निवर्तला. चित्रात अलंकारमंडित अशा तीन स्त्रिया आहेत. त्या कोणी नर्तकी किंवा कलावंतिणी असाव्यात, असा समज पुष्कळ काळ रूढ होता.

केंब्रिजचे इतिहाससंशोधक डॉ. नायजेल चान्सलर यांनी इ. स. २००१ मध्ये एका निबंधाने हा समज दूर केला. त्यांनी प्रथम वस्त्रालंकार पाहिले. ते म्हैसूरच्या राजस्त्रियांचे होते, आणि तेथील राजघराण्याची चित्रे हिकीने पूर्वीही काढली होती. पुढे त्यांचे लक्ष एका लहानशा गोष्टीकडे गेले. उजवीकडील स्त्रीच्या डाव्या दंडावर एरवी पदर असावयाचा. येथे तो दंड उघडा असून ती त्याकडेच बोट दाखवीत आहे. डावीकडील स्त्रीच्या नाकाखाली व ओठांभोवती त्वचेचा रंग पालटलेला दिसतो.

या दोन्ही खुणांचा अर्थ देवीच्या रोगात सापडतो. एडवर्ड जेन्नरची गोस्तन देवीची लस बगदाद व बसऱ्यामार्गे मुंबईस आली, आणि १४ जून १८०२ रोजी मुंबईतच एका तीन वर्षांच्या मुलीला हिंदुस्थानातील पहिली यशस्वी टोचणी झाली. त्या काळी एकाच्या दंडावरील फोडातील लस दुसऱ्याच्या दंडात टोचीत. परक्याच्या अंगातील द्रव्य आपल्या अंगात घ्यावयाचे, तेही मूळचे गाईच्या रोगाचे! विटाळाच्या भीतीने लोक मागे सरत, यात नवल नाही. शिवाय खऱ्या देवीचेच द्रव्य थोड्या प्रमाणात देण्याची जुनी पद्धत देशात रूढ होतीच.

अशा वेळी म्हैसूरच्या राजवाड्यात नव्या राणीने ही टोचणी घेतली. चान्सलर यांच्या मते उजवीकडील स्त्री ती हीच. मुम्मडी कृष्णराज वडियार यांची धाकटी राणी देवाजम्मणी. डावीकडील त्यांची थोरली राणी असून तिचेही नाव देवाजम्मणीच. तिच्या चेहऱ्यावरील खुणा जुन्या पद्धतीच्या टोचणीशी जुळतात. मधली स्त्री राजाची आजी लक्ष्मी अम्मणी असावी. या तर्कास कागदाचाही आधार मिळाला. राणीने टोचून घेतल्याचा लोकांवर इष्ट परिणाम होऊन पुष्कळ जण पुढे आले, अशी नोंद इ. स. १८०६ च्या दरबारी कागदांत आहे. लसीचा प्रसार व्हावा या हेतूनेच हे चित्र काढविले गेले, असे चान्सलर यांचे प्रतिपादन आहे.

कलावंतीण म्हटल्याने राणीला कमीपणा आला, असे आम्हांस म्हणावयाचे नाही. हरवली ती तिची कृती. ज्या रोगाने असंख्य मुले नेली आणि ज्याचे जगातून निर्मूलन झाल्याची घोषणा होण्यास इ. स. १९८० उजाडले, त्याच्याशी झालेल्या झुंजीत एका अल्पवयीन राणीने आपला दंड पुढे केला होता. नाव गेले तसे तिचे धैर्यही गेले, आणि उरला तो केवळ दागिन्यांचा थाट.

जुन्या चित्राची ओळख पटवावयाची ती याच रीतीने. कुंचल्याची धाटणी, वस्त्रालंकार, देहावरील खुणा आणि समकालीन कागद हे चार साक्षीदार एकमेकांशी ताडून पाहावेत. जे सिद्ध झाले ते निश्चित म्हणून लिहावे, जे संभाव्य आहे ते संभाव्य म्हणूनच लिहावे. घराण्याचा अभिमान हा पाचवा साक्षीदार मात्र मानू नये.

आपल्या ज्ञातीतही घरोघरी भिंतींवर व पेट्यांत पूर्वजांची चित्रे आणि छायाचित्रे आहेत. त्यांतील माणसांना ओळखणारी वडीलधारी मंडळी दिवसेंदिवस विरळ होत आहेत. म्हणून ज्ञातिबंधुभगिनींस आमची नम्र विनंती की, त्यांना आजच विचारावे, आणि चित्रातील व्यक्तीचे नाव, गाव, अदमासे वर्ष व चित्रकार ठाऊक असल्यास त्याचे नाव एका चिठ्ठीवर लिहून ती चौकटीमागे लावावी. या कामास संशोधक लागत नाही. घरातील आजी व एक शिसपेन्सिल पुरे.