‘दहाचे तीन सेट’ कुठून आले?

१/ दुसऱ्या महायुद्धाची अखेरची वर्षे. शिकागोच्या गार्डिनर लष्करी रुग्णालयात गुडघा दुखावलेले सैनिक उपचार घेत होते. जखम भरून येई. पण प्लास्टरमध्ये जखडलेल्या मांडीचा स्नायू रोडावलेला असे आणि पायात बळ नसे.

२/ अशा स्नायूला हलक्या वजनाची पुष्कळ आवर्तने द्यावीत, अशी तेव्हाची रीत होती. तरुण डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांना ती पटली नाही. त्याने दम वाढतो, ताकद नव्हे, असे त्यांचे मत होते. लहानपणी संधिज्वराने खिळलेले डीलॉर्म स्वतः वजने उचलूनच सावरले होते.

३/ त्यांनी सैनिकांच्या पायाला लोखंडी जोडा बांधला आणि बळ येईल तसा भार वाढवत नेला. माप साधे होते: जेमतेम दहाच वेळा उचलता येईल, ते वजन. १९४५ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

४/ मात्र तेव्हा ते एका बैठकीत ७० ते १०० आवर्तने करवून घेत. १९४८ मध्ये आर्थर वॉटकिन्स यांच्यासह त्यांनी लिहिले की, इतकी आवर्तने अनावश्यक आहेत. २० ते ३० पुरतात. पहिली दहा निम्म्या भाराने, पुढची दहा पाऊण भाराने, शेवटची दहा पूर्ण भाराने.

५/ आज व्यायामशाळेत ‘दहाचे तीन सेट’ सर्रास सांगितले जातात. त्यांमागे जखमी सैनिकांचे गुडघे आहेत आणि अवघ्या तीन वर्षांत स्वतःचाच आकडा खोडणारा एक संशोधक आहे.