जिना कागदावर उतरवताना : मायकेलअँजेलोच्या मातीपासून संगणकाच्या पडद्यापर्यंत

१/
वास्तुरचनेच्या संगणकप्रणालींत भिंत क्षणात उभी राहते, दार-खिडकी त्याहून लवकर बसते. जिना मात्र आजही भल्याभल्यांना अडखळवतो. हा दोष केवळ प्रणालींचा नव्हे. जिना रेषांत पकडण्याची अडचण निदान साडेचारशे वर्षे जुनी आहे आणि तिच्यावर काढलेल्या तोडग्यांचा इतिहास थेट आपल्या जुन्या वाड्यांच्या नोंदींपर्यंत येऊन पोहोचतो. आजचा धागा त्याविषयी. 🧵

२/
प्रथम अडचण समजून घेऊ. इमारतीचा नकाशा म्हणजे जमिनीपासून साधारण चार फूट उंचीवर ती आडवी कापून वरून पाहिलेले दृश्य. भिंत एकाच मजल्याची असते. जिना दोन मजल्यांचा. त्यामुळे हा काप जिन्याच्या मधूनच जातो. म्हणून नकाशात जिना अर्ध्यावर तिरक्या रेषेने तोडतात आणि चढ दाखवायला बाण काढतात. हे डोळ्यांना दिसणारे दृश्य नाही. रेखाटनकारांनी आपापसांत ठरवलेला संकेत आहे.

३/
संकेत अपुरा पडला की काय होते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण फ्लॉरेन्सच्या लॉरेन्शियन ग्रंथालयाचे. तिथला जिना मायकेलअँजेलोने योजला, पण तो उभा राहण्यापूर्वीच १५३४ मध्ये मायकेलअँजेलो रोमला गेला. १५५५ मध्ये वासारीने विचारणा केली, तेव्हा त्याने पत्रातून वर्णन केले : लंबगोल पेट्या एकावर एक ठेवल्या आहेत आणि वरची प्रत्येक पेटी खालचीपेक्षा लहान आहे, अशी कल्पना करावी.

४/
वर्णनाने काम भागले नाही. अखेर मायकेलअँजेलोने रोमहून मातीची एक लहान प्रतिकृती पाठवली आणि तिच्या आधारे १५५९ मध्ये बार्तोलोमेओ अम्मानातीने जिना उभारला. युरोपातील सर्वांत नावाजलेल्या जिन्यांपैकी एक असा मातीच्या नमुन्यावरून साकारला. नेहमीचे साधन पुरेना, म्हणून दुसरे वापरले. आजच्या भाषेत सांगायचे तर ही 'तोड' होती.

५/
पुढची पायरी फ्रान्समध्ये. १६७१ मध्ये स्थापन झालेल्या राजकीय वास्तुकला अकादमीचा पहिला संचालक फ्रान्स्वा ब्लाँदेल. त्याच्या व्याख्यानांचा ग्रंथ १६७५ पासून प्रसिद्ध होऊ लागला. त्यात जिन्याचे गणित आहे : पायरीची उंची दुप्पट करा, तिच्यात पायरीची रुंदी मिळवा, बेरीज २४ फ्रेंच इंच, म्हणजे सुमारे ६५ सेंटिमीटर यावी.

६/
यामागचा तर्क सोपा. सपाट जमिनीवर माणसाचे पाऊल २४ इंचांचे पडते, असे ब्लाँदेलने गृहीत धरले. सरळ उभ्या शिडीवर चढताना तेच पाऊल १२ इंचांचे होते. याचा अर्थ, वर उचललेला एक इंच पुढे टाकलेल्या दोन इंचांइतका श्रमाचा. म्हणून पायरी ६ इंच उंच असेल तर रुंदी १२ इंच. उंची ७ झाली तर रुंदी १०. जिन्याचे माप प्रथमच माणसाच्या पावलाशी असे सूत्राने बांधले गेले, म्हणून या सूत्राचा दबदबा टिकला.

७/
तो आजही टिकून आहे. आपल्या नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये निवासी इमारतींसाठी पायरीची उंची जास्तीत जास्त १९० मिलिमीटर आणि रुंदी कमीत कमी २५० मिलिमीटर सांगितली आहे. दुप्पट उंची ३८०, अधिक २५० : बेरीज ६३०. आपण घरी जाताना रोज जो जिना चढतो, तो ब्लाँदेलच्या हिशेबाच्या आसपासच असतो.

८/
पायऱ्यांचे गणित सुटले तरी कठडा उरलाच. वळत वर जाणारी कठड्याची दांडी सरळ फळीतून कापायची, तर वळण आणि चढ एकाच वेळी साधावे लागतात. इंग्लंडमध्ये हे मोजक्या कारागिरांचे गुपित मानले जाई. मूळच्या सुतार असलेल्या पीटर निकल्सनने १७९२ च्या आपल्या पुस्तकात ते भूमितीने उलगडायला घेतले आणि १८२० मध्ये जिने व कठडे यांवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला.

९/
आता संगणकाकडे. १९६३ मध्ये एमआयटीत आयव्हन सदरलँडने 'स्केचपॅड' हा प्रबंध सादर केला. पडद्यावर प्रकाशलेखणीने रेषा काढायच्या आणि त्यांच्यावर अटी लादायच्या : या दोन रेषा समांतर राहतील, या दोन समान लांबीच्या राहतील. चित्रात नियम बसवण्याची ही कल्पना पुढे वास्तुप्रणालींचा पाया ठरली.

१०/
व्यवसायात मात्र आधी साधी रेषाच आली. १९८२ मध्ये 'ऑटोकॅड' बाजारात आले. त्यात जिना काढायचा म्हणजे एक रेषा ओढायची, तिच्या ठरावीक अंतरावर प्रती करायच्या, वर बाण काढायचा. संगणकाला हा जिना आहे याची जाणीवच नव्हती. गंमत अशी की, त्यामुळेच कसलाही वेडावाकडा जिना काढता येई. अडवणारे कोणी नव्हते.

११/
दुसरी परंपरा इमारतच त्रिमितीत रचण्याची. बुडापेस्टच्या ग्राफिसॉफ्टचे 'आर्किकॅड' आणि २००० मध्ये आलेले अमेरिकेतील 'रेव्हिट' ही तिची ठळक नावे. इथे भिंतीला आपण भिंत आहोत हे 'ठाऊक' असते. जिन्याला ते शिकवणे सर्वांत कठीण गेले. रेव्हिटने २०१३ च्या आवृत्तीत जिना नव्याने मांडला : चढाचा भाग, लँडिंग, आधार असे सुटे घटक जोडून. आर्किकॅडने तर २०१७ मध्ये, २१ व्या आवृत्तीत, जिन्याचे संपूर्ण नवे साधन दिले. भिंत, दार, खिडकी केव्हाच स्थिरावले होते. जिना तोवर चाचपडत होता.

१२/
या साधनांच्या आत काय आहे? दोन्हींत जिन्याच्या नियमांच्या रकान्यात दुप्पट उंची अधिक रुंदी ही बेरीज तपासण्याची सोय आहे. सतराव्या शतकातला ब्लाँदेल एकविसाव्या शतकातल्या प्रणालीत बसून आपला जिना तपासतो आहे. सूत्र मोडले की इशारा झळकतो.

१३/
शिवाय एक गृहीतक : सर्व पायऱ्या समान उंचीच्या. मजल्याची उंची ३००० मिलिमीटर आणि कमाल मर्यादा १९० असेल, तर प्रणाली १६ उंच्या धरते आणि प्रत्येकीला नेमके १८७.५ देते. नव्या इमारतीसाठी हे योग्यच आहे. अंधारातही पाय एका लयीत पडतो आणि एखादी पायरी वेगळी निघाली की माणूस अडखळतो. इथे नियमच जीव वाचवतो.

१४/
नियमात न बसणारा जिना आला, की वापरणारे तोड काढतात. पायऱ्या स्लॅबच्या साधनाने एकेक करून रचायच्या. किंवा नकाशात त्रिमित जिना लपवून त्यावर हाताने रेषा ओढायच्या. चित्र साधते, पण किंमत मोजावी लागते. मुद्दाम वर्गीकरण बदलले नाही, तर स्लॅबने रचलेली पायरी संगणकाच्या लेखी स्लॅबच राहते. जिन्यांची यादी मागितली तर तो जिना तीत नसतो. आणि लपवलेल्या जिन्याचे माप बदलले तरी वरच्या रेषा जागच्या हलत नाहीत.

१५/
हा प्रश्न इतिहासाचा होतो तो इथे. पुण्या-नाशिकच्या जुन्या वाड्यांतला भिंतीच्या जाडीत बसवलेला अरुंद, उभा जिना आठवा. समजा, त्याची पायरी ११ इंच उंच आणि ८ इंच रुंद भरली : बेरीज ३०, सूत्राच्या पार बाहेर. शिवाय एक पायरी दुसरीसारखी नाही, कडा पावलांनी झिजलेल्या. असा जिना जिन्याच्या साधनात जसाच्या तसा उतरत नाही.

१६/
मोजणी करणाऱ्यापुढे मग दोन वाटा उरतात. सर्व पायऱ्यांची सरासरी काढून साधनाला रुचेल असा सारखा जिना द्यायचा. तेव्हा यादी बरोबर, पण जिना खोटा. किंवा स्लॅबने हुबेहूब रचायचा. तेव्हा जिना खरा, पण यादी खोटी. पहिली वाट सोपी, वेळ वाचवणारी आणि इशारे न देणारी आहे. म्हणूनच तिचा मोह मोठा.

१७/
आणि वाडा थोड्याच दिवसांत पाडला जाणार असेल तर? मग ती संगणकीय नोंद हीच त्या जिन्याची एकमेव साक्ष उरते. शंभर वर्षांनी ती उघडणारा अभ्यासक म्हणेल : या वाड्यातील जिने समान पायऱ्यांचे होते. तो कारागिराचे नव्हे, प्रणालीचे गृहीतक वाचत असेल, आणि ते त्याला कळणारही नाही.

१८/
मराठीत 'साधन' म्हणजे हत्यारही आणि इतिहासाचा पुरावाही. राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापायला घेतली, तेव्हा आग्रह अस्सल कागदाचा होता. पत्र कोणी, कुठे, कशासाठी लिहिले हे तपासल्याशिवाय आपण ते पुरावा म्हणून स्वीकारत नाही. नकाशालाही तीच चिकित्सा लावायला हवी : तो कोणत्या प्रणालीत काढला, आणि तिने काय काढू दिले नाही?

१९/
उपाय महागडा नाही. प्रत्येक पायरीची उंची-रुंदी हाताने मोजून तक्ता करावा, छायाचित्रे जोडावीत, आणि नकाशावरच एक ओळ लिहावी : 'पायऱ्यांची मापे सरासरी आहेत' किंवा 'जिना स्लॅबने रचला आहे'. तोड काढण्यात गैर काही नाही, मायकेलअँजेलोनेही काढली. पण ती माती होती हे आपल्याला ठाऊक आहे, कारण त्याची नोंद राहिली. आपण काढलेल्या तोडीचीही राहू द्यावी.

आपल्या भागातील एखाद्या वाड्याचा जिना अजून उभा असेल, तर या रविवारी मोजपट्टी घेऊन जा.

(समाप्त)