शिंके आणि मांजर

मलिक अंबराने १६१० मध्ये खडकी वसविली, १६५३ मध्ये औरंगजेबाने तिचे औरंगाबाद केले आणि आज आपण तिला छत्रपती संभाजीनगर म्हणतो. अंमल बदलले त्यांची नोंद दफ्तरांत आहे. परंतु याच नगरातील घराघरांत गृहिणी आणि मांजर यांच्यामध्ये जो अलिखित तहनामा पिढ्यानुपिढ्या पाळला गेला, तो दस्तऐवजांत शोधून मिळावयाचा नाही. त्या तहाची खूण म्हणजे तुळईला टांगलेले शिंके.

मराठवाड्यातील जुने माळवदाचे घर हे धान्याचे कोठारच असे : भिंतीत बळद, कोपऱ्यात कणगी, जमिनीत पेव. जेथे ज्वारी तेथे उंदीर, आणि उंदरांच्या बंदोबस्तासाठी मांजर हवेच. पण तेच मांजर दुधातुपाचे वैरी. त्यास हाकलावे तर धान्य जाते, मोकळे सोडावे तर दुभते जाते, अशा पेचात सापडलेल्या गृहस्थाश्रमाने शोधून काढलेली तजवीज म्हणजे हे शिंके होय.

अंबाडीच्या वाखाची दोरी वळून तळाशी मडके बसेल एवढे कडे करावयाचे, त्यातून तीन-चार पदर वर नेऊन एकत्र गाठवावयाचे आणि ती गाठ तुळईच्या कडीत अडकवावयाची, एवढीच ती रचना. परंतु तिच्यामागे मांजराच्या स्वभावाचे किती सूक्ष्म निरीक्षण आहे! झेप घेण्यास मांजराला पायाखाली स्थिर आधार लागतो, म्हणून शिंके भिंतीपासून आणि उतरंडीपासून दूर टांगलेले; आणि पंजा पोचलाच तरी ते झुलते, म्हणून त्यावर ठाव मिळत नाही. माझी आजी डाव्या तळव्यावर मडक्याचा भार तोलून धरी आणि उजव्या हाताने झाकण काढून विरजण घेई. त्या वेळी खाली बसलेले मांजर मान वर करून तिच्या हाताकडे एकटक पाहत राही. दोरी जीर्ण होऊन तुटली, की ‘शिंके तुटले आणि बोक्याचे फावले’ ही म्हण आपल्या घरांत खरी ठरे.

इंग्लंडातील एक्झिटरच्या कॅथीड्रलच्या मध्ययुगीन जमाखर्चात मांजराच्या पोषणासाठी तिमाहीस १३ पेन्स खर्ची पडलेले आढळतात, आणि तेथील एका जुन्या दारास मांजरापुरते भोक आजही आहे. तेथील सुताराने मांजराला वाट करून दिली, येथील गृहिणीने त्याची वाट अडविली; परंतु मांजर घरात राहावे ही इच्छा दोन्हीकडे एकच.

पुढे जाळीचे कपाट आले आणि मग फ्रिज आला. पैठण रस्त्यावरील चितेगावच्या व्हिडिओकॉन कारखान्याने तर या जिल्ह्याचे नाव घरगुती विद्युत उपकरणांशी जोडले. धान्य मोंढ्यातून महिन्यापुरते येऊ लागले, तसे मांजराचे कामही सरले. आता ठरल्या वेळी खाऊ वाढणारे यंत्र, वाहत्या पाण्याचे भांडे, कातडीखालील तांदळाएवढी चिप ओळखून उघडणारे दार, अशी उपकरणे खास मांजरासाठी निघाली आहेत. तीही मांजराचा स्वभाव जाणूनच घडविली आहेत. परंतु त्या विद्येचा पहिला पाठ आपल्या आज्यांनी अंबाडीच्या दोरीने गिरविला होता.

पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयाने नित्याच्या वापरातील वस्तू किती आस्थेने जपल्या आहेत! आपल्याही नगरात कोणाच्या माळ्यावर एखादे जुने शिंके पडले असेल, तर ते टाकू नये; ते कोणी वळले, कोठे टांगले होते, हे एका चिठ्ठीवर लिहून त्याच्यासोबत ठेवावे.